फलाटावरचं दहावं

भागवत अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या स्टेशनातल्या कोरड्या नळासमोर हात जोडून, डोळे मिटून उभे होते. पांढरा लेंगा-सदरा, कडक इस्त्रीची टोपी, टोपीखालून डोकावणारे कलप लावलेले केस आणि खांद्यावर रेक्झिनची काळी बॅग. माझं डोकं त्या दिवशी आधीच फिरलेलं होतं. बाकड्यावर हात टेकून बसलो तो नेमका कुणीतरी चावून टाकलेल्या उसाच्या चोथ्यावर, आणि हात धुवायला नळापाशी आलो तर नळासमोर हा माणूस.

"काय हो, नळात देव बसवलाय का?" मी विचारलं.

डोळे न उघडता ते म्हणाले, "देव न्हाई, दिवंगत हाय. लई सेवा केली बिचाऱ्यानं. जरा स्तब्ध उभं ऱ्हा, मग काय बोलायचं ते बोला."

मी उभा राहिलो. का राहिलो ते मला अजून कळलेलं नाही. मी कुणाचं ऐकून उभा राहणारा माणूस नाही. बारदानाचा व्यापारी आहे मी. रिकामी पोती गोळा करायची, झटकायची, फाटकी शिवून घ्यायची आणि कांद्याच्या हंगामात आडतदारांना विकायची, यात माझं आयुष्य गेलं. सुरुवातीला डोक्यावर गठ्ठा घेऊन फिरलो, आता गावोगावची पोती गोळा करायला माझा टेम्पो आहे; नगरला मात्र माल अजून पॅसेंजरनंच नेतो, स्वस्त पडतं. हे सगळं भांडून मिळवलं. समोरच्यानं भाव सांगितला की आधी मी हसतो, मग रागावतो, मग उठून चालायला लागतो. पण त्या दिवशी एका मेलेल्या नळापुढं मी मान खाली घालून उभा राहिलो आणि हात तसेच चिकट ठेवून गाडीत बसलो.

अण्णांचा धंदा मला गाडीत कळला. ते निवेदक होते. लोक त्यांना माईकवाला म्हणत आणि ते प्रत्येक वेळी दुरुस्त करत, "निवेदक." आमच्याकडं माणूस गेला की दहाव्या दिवशी ओढ्याकाठच्या घाटावर मांडव पडतो. एकीकडं गुरुजी पिंड मांडतात, दुसरीकडं प्रवचन चालतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. सरपंचापासून आमदारकीची स्वप्नं बघणाऱ्यापर्यंत सगळे हजर असतात. कुणाला आधी बोलवायचं, कुणाला नंतर, कुणाचं भाषण लांबलं तर त्याच्या मागं हळूच जाऊन उभं राहायचं, हे काम अण्णांचं. लग्नातही ते बोलत, पण त्यांचा खरा गळा दहाव्यालाच लागे. जामखेडपासून पारनेरपर्यंत त्यांना बोलावणी असत आणि स्वतःचा माईक ते टॉवेलात गुंडाळून बॅगेत घेऊन जात. दुसऱ्याच्या माईकला लोकांच्या तोंडाचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

माईकवर त्यांची भाषा अगदी छापील असे. माईक बंद झाला की गावची. "शेठ," ते मला सांगत, "मेलेल्या मानसाबद्दल खोटं बोलायचं नसतं, शब्द निवडायचे असत्यात. भांडखोर असला तर 'स्पष्टवक्ते'. चिक्कू असला तर 'काटकसरी'. दिवसभर पारावर बसून ऱ्हायला असंल तर 'समाजात मिसळणारे'."

"आणि काहीच गुण नसला तर?"

"मंग 'मितभाषी'. त्यात कुनाचंच काय जात न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणत, "तुमच्यासाठी 'स्पष्टवक्ते' राखून ठिवलाय. दुसऱ्या कुनाला वापरीत न्हाई आता."

आमचं स्टेशन लहान आहे. दौंडकडून नगरकडं जाणारी पॅसेंजर सकाळी येते, संध्याकाळी परत येते. मधल्या वेळात माणसं कमी आणि कुत्री, डुकरं, कावळे जास्त. फलाटाच्या एका टोकाला मालधक्क्याची भिंत, तिच्याखाली उकिरडा. खांबांचा मूळ रंग कुठला होता ते कुणी सांगू शकणार नाही. माणसाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत ते सगळे तांबडे. अण्णा या सगळ्याची खबर ठेवून होते. पंखा बंद पडला तर "अल्पशा आजारानं गेला." कचऱ्याचा डबा चोरीला गेला तर "आपल्या सगळ्यांना पोरकं करून गेला." बाकड्याची पाठ तुटली तेव्हा बाकड्यावर हात ठेवून ते गाडी येईपर्यंत बसून राहिले. पासवाले हसायचे, शेंगा खायचे आणि टरफलं तिथंच टाकायचे. अण्णाही त्यांना काही बोलत नसत. हळहळ व्यक्त करणं हा त्यांचा व्यवसाय, उपाय करणं नव्हे.

माझं तसं नव्हतं. या स्टेशनाशी माझं वैर आहे आणि ते मी मरेपर्यंत सोडणार नाही. मागं एकदा इथं स्वच्छता पंधरवडा झाला. वरून साहेब आले, त्यांच्यासोबत फोटोवाले आले, दांड्यांवरचं प्लास्टिकही न काढलेले झाडू आले. आदल्या दिवशी झाडून लख्ख केलेल्या फलाटावर साहेबांना झाडायला काही उरलं नव्हतं, म्हणून लिंबाचा पाला आणून पसरला. साहेबांनी तो पाला गोळा केला, फोटो झाले. मी बाजूला चहा पीत होतो. कप टाकायला डबा नव्हता, म्हणून मी तो खांबाच्या बुडाशी ठेवला. टाकला नाही, ठेवला. एवढ्यात एक जण धावत आला आणि त्यानं माझ्या नावानं दंडाची पावती फाडली. त्या अख्ख्या पंधरवड्यात या स्टेशनावर अस्वच्छता करणारा एकच माणूस सापडला, तो मी. मी खूप घासाघीस केली, पण सरकारी दंडात भाव होत नाही म्हणे. हे मी आजवर भेटेल त्याला सांगत आलोय आणि पुढंही सांगणार आहे. अण्णांनी मात्र ते शांतपणे ऐकलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "शेठ, तुमच्या दुःखात समस्त फलाट सहभागी हाय."

अण्णांना एकच मुलगी, रेखा. तिची आई ती लहान असतानाच गेली. रेखा नगरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, रोज त्याच पॅसेंजरनं जायची. बायकांच्या घोळक्यात बसायची, बापाचं नळापुढचं नाटक बघून कपाळावर हात मारायची. "अण्णा, लोक बघत्यात," म्हणायची. "बघू दे की, श्रोते हायेत," अण्णा म्हणायचे.

मग एक आठवडा रेखा दिसली नाही, अण्णाही दिसले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते एकटेच आले. नळापुढं थांबले नाहीत. सरळ माझ्या बाकड्यावर येऊन बसले. बॅग मांडीवर घेतली.

"कुठलं दहावं आज?" मी विचारलं.

"रेखाला दवाखान्यात ठिवलीय," ते म्हणाले. "मुतखडा झालाय, वर ताप. डॉक्टरनं इचारलं, पानी किती पिती गं? तर म्हनली, रविवारी पिते."

मला कळलं नाही. त्यांनी फलाटाच्या मधोमध असलेल्या महिला प्रसाधनगृहाकडं बोट दाखवलं. दाराला कुलूप होतं. कुलपावर एवढा गंज होता की ते दाराचाच भाग वाटत असे. घरून निघाल्यापासून लॅबला पोचेपर्यंत आणि तिथून निघाल्यापासून घरी येईपर्यंत, गाडी कितीही लेट असो, या बायकांना जायला जागाच नव्हती. गाडीतल्या संडासाच्या दारात दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या आणि बारदानाचे गठ्ठे रचलेले असत. गठ्ठे माझे असत हे खरं, पण मी ते नेहमी एका बाजूला रचत असे. लोकांनी ते सरकवले त्याला मी काय करणार? तर या पोरींनी आपला मार्ग काढला होता. पाणीच प्यायचं नाही. आम्हा पुरुषांना त्या कुलपाची बातमीच नव्हती. आमच्यासाठी मालधक्क्याची भिंत होती.

"मी रोज हितं त्या नळाला श्रद्धांजली वाहत हुतो, शेठ," अण्णा म्हणाले, "आन् माझी पोरगी माझ्या शेजारी तहानलेली बसत हुती. रविवारी पानी पिती माझी पोरगी."

या बोलण्यात एकही निवडलेला शब्द नव्हता. त्यांना असं बोलताना मी तेव्हाच ऐकलं, आधी नाही आणि नंतरही नाही.

माझा पारा चढला. मी उठून स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेलो आणि टेबलावर हात आपटला. मास्तर नवे होते, तरुण होते आणि आधीच थकलेले होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. रागावलेल्या माणसाला खुर्ची देणारा माणूस धोकादायक असतो, हे मला धंद्यानं शिकवलंय.

"किल्ली मागच्या ठेकेदाराकडं आहे," ते म्हणाले.

"आणि ठेकेदार कुठंय?"

"मुदत संपली त्याची."

"मग कुलूप तोडा."

"तोडता येईल. पण काका, उघडं ठेवलं की लोक घाण करतात. म्हणून बंद ठेवलंय. आतून बघाल तर एकदम स्वच्छ आहे."

ते खरंच होतं. पुढं बघितलं तेव्हा पटलं. अख्ख्या स्टेशनात स्वच्छ अशी ती एकच जागा होती, कारण तिथं आजवर माणूस गेला नव्हता.

अण्णांनी पासवाल्यांना गोळा करायचा प्रयत्न केला. एक जण म्हणाला, "गाडी दोन मिनिटं थांबते अण्णा, त्यात स्टेशन कशाला सुधरायचं?" दुसरा म्हणाला, "बायकांचा विषय हाय, आपण कसं बोलायचं?" तिसऱ्यानं मान डोलावली, तोंडातली पिचकारी रुळावर मारली आणि मग म्हणाला, "सिस्टीमच खराब हाय." अण्णांनी सगळ्यांचे आभार मानले, जसे ते दहाव्याला मानत. दोन दिवसांनी ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "शेठ, जेवनाचं तुमी बघा. दहावं घालायचं ठरलंय."

"कुणाचं?"

"तिचं." त्यांनी त्या बंद दाराकडं बघितलं. "जिवंत मानसाच्या अडचणीला आपल्याकडं कोन येत न्हाई. दहाव्याला समदे येत्यात."

स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली मांडव पडला. रस्त्यावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर जे छापलं होतं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं: फलाट क्रमांक एक येथील महिला प्रसाधनगृह यांचा दशक्रिया विधी, सर्वांनी उपस्थित राहावे. पण आमच्याकडं दहाव्याचा फ्लेक्स कुणी वाचत नाही. वार आणि जागा बघतात, बाकी कुणीतरी गेलंय एवढं सगळ्यांना ठाऊकच असतं. खुर्चीवर फोटो ठेवला होता, त्या कुलूप लावलेल्या दाराचा. वर झेंडूचा एवढा जाड हार घातला होता की मधून जेमतेम कडी दिसत होती. काही म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं. दगडमातीचं दहावं घालणं अपशकुन आहे, असं बोलून दाखवलं आणि जेवायला मात्र थांबले.

तालुक्यात दादा म्हणून ओळखले जाणारे एक नेते आहेत. अजून कुठंही निवडून आलेले नाहीत, पण एकही दहावं चुकवत नाहीत. त्या सकाळी त्यांची आधीच दोन झाली होती आणि पुढं अजून होती. गाडीतून उतरले, कुणीतरी हातात दिलेली फुलं फोटोवर टाकली आणि थेट माईकपाशी आले. अण्णांनी गळा साफ केला.

"जिने उभं आयुष्य महिलांच्या सेवेसाठी वाहिलं, जिचं दार अनेक वर्षं आपण सर्वांनी बंद अवस्थेत पाहिलं, तिला श्रद्धांजली अर्पण करण्यासाठी मी दादांना विनंती करतो."

दादांनी माईक घेतला, क्षणभर आकाशाकडं पाहिलं आणि आवाज जड केला.

"त्यांच्या जाण्यानं तालुक्यातल्या माता-भगिनींचा आधार हरपला. माझ्या मातोश्रींशी त्यांचा जुना ऋणानुबंध. मी स्वतः लहानपणापासून त्यांच्याकडं जायचो. कितीही घाईत गेलो तरी त्यांनी कधी मला परत पाठवलं नाही."

मागच्या रांगेत रेखाच्या मैत्रिणी बसल्या होत्या. पदराचे, ओढणीचे बोळे तोंडात कोंबून त्या हलत होत्या. दादांना वाटलं रडताहेत. ते आणखी जोरात आले.

"ताईंनो, अश्रू आवरा. त्यांचं जे काम अपुरं राहिलंय, ते पुरं करण्याचा शब्द हा दादा आज तुम्हाला देतो!"

सौदा करताना समोरच्याच्या तोंडून शब्द निघाला की मी तो हवेत राहू देत नाही. मी उठलो, तिथंच दादांचा हात धरला आणि मोठ्यानं म्हणालो, "झाला सौदा. कुलूप कधी तोडायचं?"

"कुठलं कुलूप?" दादा म्हणाले. माईक चालूच होता.

मग त्यांनी फोटोकडं पाहिलं. हार बाजूला केला. मांडवात जे हसू फुटलं ते मी आमच्या भागातल्या एकाही लग्नात ऐकलेलं नाही. मोबाईल सगळ्यांच्या हातात होते. जेवणाची पंगत उठायच्या आत ती चित्रफीत शिर्डीच्या प्रसादाच्या दुकानांपर्यंत पोचली होती, असं म्हणतात.

जेवण झकास झालं. भात, आमटी, बुंदी. लोक पोटभर जेवले, स्वच्छतेसाठी झालेल्या या कार्यक्रमाचं कौतुक केलं आणि पत्रावळ्या रुळांच्या कडेला फेकून घरी गेले. आसपासचे सगळे कावळे उतरले. अण्णा टॉवेलात माईक गुंडाळत त्यांच्याकडं बघत होते. "बघा शेठ," ते म्हणाले, "एवढे कावळे आजवर कुनाच्याच दहाव्याला आले न्हाईत. लई पुण्यवान बाई हुती."

आठवड्याच्या आत कुलूप तुटलं. दादांनीच वरपर्यंत फोन फिरवले. हसं झालं होतं, ते उद्घाटनानंच पुसलं जाणार होतं. रिबीन बांधली, कापली, फोटो झाले. त्या कार्यक्रमाला निवेदक नगरहून आणला होता. अण्णा तिकीट खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते. "उच्चार बरा हाय पोराचा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर अण्णांना बोलावणं आलं नाही. ज्या मांडवात अण्णांचा माईक, तिथं नेते येईनात, आणि नेते येणार नाहीत तर दहावं कसलं? लोकांनाही भीती वाटू लागली की हा माणूस आपल्या मेलेल्या बापाबद्दल भलतंच काही बोलेल. जन्मभर कुणाबद्दल वाईट शब्द न काढलेल्या माणसावर हा आळ आला. "माझ्या धंद्याचंबी दहावं झालं, शेठ," ते म्हणाले. "अल्पशा आजारानं गेला." तरी ते रोज स्टेशनावर येत, इस्त्रीची टोपी घालून, माईकची बॅग खांद्याला लावून, आणि रेखाची गाडी सुटली की परत जात.

इकडं उघडलेल्या दाराचं व्हायचं तेच झालं. पहिल्या महिन्यात आतली तोटी चोरीला गेली, भिंतीवर पिचकाऱ्या आल्या, महिलांच्या प्रसाधनगृहात पुरुष जाऊन आले. मास्तरांनी मला बोलावून घेतलं. "काका, मी म्हटलं होतं ना," असं म्हणत त्यांनी नवं कुलूप टेबलावर ठेवलं. मी आधी हसलो, मग रागावलो, मग उठून दारापर्यंत गेलो. तिथून वळून म्हणालो, "कुलूप लावा. पण किल्ली बायकांच्या हाती." मास्तर म्हणाले, नियमात बसत नाही. मी म्हणालो, माझ्या दंडाचा कप नियमात बसला होता का? बराच वेळ गेला. शेवटी एक किल्ली मास्तरांच्या खिळ्यावर आणि एक पासवाल्या बायकांकडं, असं ठरलं. झाडणं-धुणंही त्यांनी आपसात वाटून घेतलं. किल्ली रेखाच्या गळ्यात, पट्ट्याला, ओळखपत्राशेजारी. धंद्यात मी मोठमोठे सौदे केलेत, पण याइतकं ताणून कधी धरलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. झोपेतच गेले. थोडे दिवस आधी त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "माझ्या वेळी माईक लावू नका. आन् मला कोनी मितभाषी म्हनलं तर मी वर उठून यीन."

म्हणून त्यांच्या दहाव्याला घाटावर माईक नव्हता. लोक सवयीनं मांडवात येऊन बसले आणि कुणी नाव पुकारीना म्हणून एकमेकांकडं बघत राहिले. दादाही आले. या वेळी मात्र त्यांनी फोटो नीट पाहून घेतला, मग हात जोडले. बसल्या जागी त्यांचे ओठ हलत होते, पण बोलायला कुणी बोलावलं नाही.

अण्णांच्या पुतण्यानं पिंड मांडला आणि आम्ही कावळ्याची वाट बघू लागलो. ओढा कोरडा, ऊन तापलेलं, झाडावर एक पाखरू नाही. चुलत भाऊ हात जोडून म्हणाला, "भागवता, बांधाचं भांडण मिटवितो." कावळा नाही. कुणीतरी म्हणालं, "रेखाचं लगीन आमी लावून देऊ." रेखानं त्याच्याकडं असं बघितलं की तो मागं सरकला. दादा उठून म्हणाले, "अण्णांचं स्मारक उभारू." तरी नाही. गुरुजी सारखे घड्याळ बघत होते. त्यांना पॅसेंजरनं नगरला पुढच्या दहाव्याला जायचं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करू आणि शिववून घेऊ. शास्त्रात आहे तसं."

माझा तोल गेला. "आयुष्यभर दुसऱ्यांची नकली भाषणं ऐकली त्या माणसानं. कावळा तरी खरा मिळू द्या त्याला! आणि कावळे इथं कशाला येतील? ते सगळे स्टेशनावर पोट भरतायत."

कुणी हसलं नाही, कारण ते खरं होतं. पिंडाची पत्रावळ माझ्या टेम्पोत ठेवली, पोत्यांवर पुतण्या, गुरुजी आणि रेखा बसले, मागून मोटारसायकली. गुरुजींनी विरोध केला नाही. त्यांनाही स्टेशनावरच जायचं होतं.

मालधक्क्याच्या भिंतीवर कावळे रांगेनं बसले होते. आम्ही फलाटाच्या टोकाला पिंड ठेवला. एक उतरला, वड्याच्या कागदापाशी गेला आणि तो उलटापालटा करत बसला. पिंडाकडं त्यानं ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा त्या तिसऱ्या पासवाल्याला, सिस्टीमवाल्याला, भरून आलं. त्यानं तोंडातला गुटखा बाजूला थुंकला, हात जोडले आणि म्हणाला, "अण्णा, उद्यापासून आमी हे स्टेशन चकाचक ठिवू. शप्पथ." सगळ्यांनी "शप्पथ, शप्पथ" म्हणून हात जोडले. कावळा दोन उड्या मारून मागं सरला.

एवढ्यात गाडीची शिट्टी झाली. पॅसेंजर आली आणि जागा धरायला सगळे पळाले, गुरुजीसुद्धा सोवळं सावरत. डब्यांच्या दारांत नेहमीची झोंबाझोंबी सुरू झाली. पिंडापाशी राहिलो मी आणि रेखा. तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तोंडाला लावली. थांबत थांबत नाही, एका दमात, सगळी. घशाची हालचाल मला दिसत होती. मग तिनं तोंड पुसलं, गळ्यातली किल्ली हातात घेतली आणि शांतपणे फलाटाच्या मध्यापर्यंत चालत गेली.

गाडी हलली. खिडकीतून गुरुजी ओरडले, "शिवला का हो?"

मी वळून पाहिलं. वड्याचा कागद एकटाच वाऱ्यावर फिरत होता आणि कावळा पत्रावळीवर होता. "शिवला!" मी ओरडलो. माझ्या हातात चहाचा रिकामा कप होता, टेम्पोतून उतरताना कुणीतरी दिलेला. टाकायला डबा अजूनही नव्हता. तो मी चुरगळून खिशात घातला आणि रेखाची वाट बघत उभा राहिलो.

त्या दिवशी मंगळवार होता.